चाळीसगावची फरशी आणि सहिष्णुतेची सीमा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि खानदेश यांचे नाते सांगताना आपण बहुधा लळिंगच्या लांडोर बंगल्यापासून आरंभ करतो. दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोटणारा जनसमुदाय पाहिला, म्हणजे ती आठवण किती जिवंत आहे हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु याच खानदेशात, चाळीसगाव येथे, १९२९ साली बाबासाहेबांच्या जिवावर बेतलेला एक प्रसंग घडला होता. वसतिगृहातील मुलांना आम्ही तो सांगत आलो आहोत आणि दर वेळी मुलांकडून एकच प्रश्न येतो. समाजात राहताना माणसाने सहन करावे ते किती, आणि थांबावे कोठे? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा अभ्यास माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम प्रसंग. अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे व आणखी एका सदस्याकडे आले. काम आटोपून मुंबईस परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या रेल्वेफाट्यावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार पुकारला होता व त्याची चौकशी करावयाची होती. चाळीसगावच्या आपल्या माणसांनी स्थानकावर येऊन एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला, तो त्यांनी मान्य केला. त्या गावी जाऊन, चौकशी करून ते पुढच्या गाडीने परतले, तेव्हा लोक हार घेऊन उभेच होते.

महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैल. वाटेत नदी, तीवर कठडा नसलेली दगडी फरशी, कडेला पाच-दहा फुटांच्या अंतराने रोवलेले दगड एवढाच काय तो आडोसा. स्थानकाबाहेर टांगे पुष्कळ होते. तरीही बाबासाहेबांना तासभर तिष्ठत राहावे लागले आणि कारण त्यांना कोणी सांगेना. अखेर एक टांगा आला. त्यात ते आणि हाकणारा असे दोघेच बसले. बाकीचे आडवाटेने पायी निघाले. दोनशे पावलांतच एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे फरशीवर वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत कोसळला. ते बेशुद्ध पडले. पायाचे हाड मोडले, आणि पुढे कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

उलगडा नंतर झाला. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. बाबासाहेबांनी पायी चालत यावे हे आपल्या लोकांना सहन होईना. तेव्हा तडजोड निघाली की मालकाने टांगा भाड्याने द्यावा, पण हाकू नये. हाकणारा माणूस यांनी आपला पाहावा. आपल्या लोकांत टांगा हाकणारा कोणीच नव्हता, तो त्यांचा धंदाच नव्हता. ज्याने लगाम हाती घेतला तो थोड्याच वेळात गांगरून गेला. बाबासाहेबांनी हा सारा प्रसंग ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या आपल्या आठवणींच्या टिपणात लिहून ठेवला आहे. लिहिताना त्यांनी टांगेवाल्यांची प्रतिष्ठेची कल्पना तर उघडी केलीच, पण आपल्या लोकांचीही चूक झाकली नाही. मानाची काळजी घेताना या मंडळींनी जिवाची काळजी घेतली नाही, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले. मात्र त्या शब्दांत राग दिसत नाही.

या तडजोडीकडे जरा थांबून पाहावे. वरवर पाहता ती समंजसपणाची वाटते. कोणी कोणावर हात उगारला नाही, अपशब्द बोलला नाही, मालकाला भाडे मिळाले, पाहुण्याला वाहन मिळाले. आजही गावातील एखादे प्रकरण मिटले म्हणजे दोन्ही बाजूंच्या मंडळींनी समजुतीने घेतले, असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. परंतु चाळीसगावच्या तडजोडीत टांगेवाल्याचा दुराग्रह जसाच्या तसा राहिला. त्याला काही सोडावे लागले नाही. तो सांभाळण्याची किंमत मोडलेल्या पायाने, नदीत पडलेल्या घोड्याने आणि लगाम हाती घेतलेल्या त्या बिचाऱ्या माणसाने मोजली. त्या माणसाचे नाव टिपणात नाही. पण त्या रात्री त्याच्या मनाचे काय झाले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्या मराठीत याविषयी दोन शब्द फार नेमके आहेत. एक ‘खपवून घेणे’ आणि दुसरा ‘सोसणे’. ज्याच्या हाती सत्ता, जमीन, टांगा आहे तो खपवून घेतो. ज्याच्या हाती काही नाही तो सोसतो. ‘सहिष्णुता’ हा भारदस्त शब्द या दोहोंवर एकच पांघरूण घालतो आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. टांगेवाल्यांनी खपवून घेतले, महारवाड्याने सोसले, आणि व्याख्यानात दोघांनाही सहिष्णु म्हणता येते. कार्ल पॉपर या तत्त्ववेत्त्याने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले आहे की, अमर्याद सहिष्णुता ठेवली तर असहिष्णु लोक सहिष्णूंना आणि त्यांच्याबरोबर सहिष्णुतेलाही संपवतील. विचार मोलाचा आहे. पण आम्हांला वाटते, तो मुख्यतः खपवून घेणाऱ्याच्या बाजूने मांडलेला आहे. कोणाला किती मुभा द्यावी, हे जो ठरवू शकतो त्याचा तो प्रश्न आहे. ज्यांच्या पूर्वजांना मुभा देण्याचा अधिकारच नव्हता, त्यांना सीमा दुसऱ्या टोकाकडून शोधावी लागते.

या शोधात तथागतांची एक कथा फार उपयोगी पडते. मज्झिमनिकायातील काकचूपम सुत्त अंग करवतीने कापले जात असतानाही मनात द्वेष येऊ देऊ नये या दृष्टान्तासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेवढाच भाग सांगून बौद्धाने सारे मुकाट्याने सोसावे असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. त्याच सुत्तात आधी श्रावस्तीच्या वेदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट येते. वेदेहिका शांत, नम्र, सोशीक म्हणून गावभर नावाजलेली. तिची काली नावाची दासी कामात चोख. एकदा कालीच्या मनात आले की, बाईसाहेबांच्या मनात राग खरोखरच नाही, की माझे काम वेळेवर होते म्हणून तो दिसत नाही? तिने परीक्षा घेण्याचे ठरविले व एके दिवशी उशिरा उठली. वेदेहिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी काली आणखी उशिरा उठली, तेव्हा बोल सुरू झाले. त्यानंतर जेव्हा ती त्याहूनही उशिरा उठली, तेव्हा वेदेहिकेने दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला. रक्ताळलेल्या डोक्याने काली शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेली आणि सोशीक बाईसाहेबांची करणी सर्वांना दाखवू लागली.

गावगाड्याची सहिष्णुता ही वेदेहिकेची सहिष्णुता होती. जोवर काली वेळेवर उठत होती, तोवर गावात सलोखा होता. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. बहिष्कार कशाकशावरून पुकारला जातो, याची त्यातील नोंद वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला, हे तर कारण होतेच. पण कोणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, कोणी चांगले कपडे वा दागिने घातले, कोणी नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने वरात काढली, एवढ्यावरूनही गावे उलटली. मग शेतातून काढून टाकणे, मजुरी बंद करणे, नेहमीच्या पायवाटेने जाऊ न देणे, वाण्याने मीठ-मिरचीसुद्धा न विकणे. यांतील एकाही गोष्टीने कोणाचे काही बिघडले नव्हते. काली उशिरा उठली होती, इतकेच.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे असे असते की, एखाद्या समाजाची सहिष्णुता मोजायची असेल तर तो आज्ञाधारकांशी कसा वागतो हे पाहू नये. वरात निघते त्या दिवशी गाव कसे वागते, ते पाहावे.

आता दुसरी बाजू. कालीने काय करावे? दहा पारमितांमध्ये क्षांती आहे, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तिचा समावेश केला आहे. क्षांतीचा आशय मनाशी निगडित आहे. दुसऱ्याच्या द्वेषाने आपल्या मनात द्वेष पेटू द्यायचा नाही. अन्याय्य कृती चालू द्यावी, असे ती सांगत नाही. म्हणूनच त्या मालिकेत क्षांतीच्या बरोबरीने वीर्यही आहे. मन निर्वैर ठेवून कृतीला मात्र नाही म्हणायचे, हे बोलायला सोपे आणि आचरायला कठीण आहे. ते कसे करावे याचा एक वस्तुपाठ विनयपिटकात सापडतो.

वड्ढ नावाचा एक लिच्छवी उपासक होता. काही भिक्खूंच्या चिथावणीने त्याने दब्ब मल्लपुत्त या सत्शील भिक्खूवर, आपल्या पत्नीशी गैरवर्तन केल्याचा खोटा आरोप केला. तथागतांनी संघ बोलाविला, दब्बाला विचारले, आरोप खोटा ठरला. तेव्हा संघाने वड्ढासाठी भिक्षापात्र पालथे घालण्याचा निर्णय केला. अर्थ असा की, यापुढे संघ त्याचे दान घेणार नाही. भदन्त आनंद स्वतः त्याच्या घरी जाऊन हा निर्णय कळवून आले. वड्ढ ऐकून मूर्च्छित पडला. पुढे आप्तमित्रांसह, ओल्या वस्त्रांनिशी तो तथागतांकडे आला, चूक कबूल केली, आणि तथागतांच्या सांगण्यावरून संघाने पात्र पुन्हा सुलटे केले.

येथे एक शंका अभ्यासू वाचक घेईल. ज्या कारणांसाठी पात्र पालथे घालता येते, त्यांत बुद्ध, धम्म, संघ यांची निंदा हेही एक आहे. उलट ब्रह्मजाल सुत्तात सुप्पिय परिव्राजक हीच निंदा करीत असता, तथागतांनी भिक्खूंना रागावू नका, त्यात खरे काय व खोटे काय तेवढे दाखवून द्या, असे शिकविले. विसंगती वाटते खरी. आमच्या समजुतीप्रमाणे सुप्पिय हा निराळ्या मताचा परका मनुष्य होता, त्याला उत्तर युक्तिवादाने द्यावयाचे. वड्ढ हा घरचा, संघाशी नाते सांगणारा होता, म्हणून त्याच्याशी असलेले नातेच थांबविले गेले. मतभेद हा सहिष्णुतेचा विषय आहे. माणसाचे माणूसपण मोडणारी कृती हा नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. पात्र पालथे घालणे हाही बहिष्कारच झाला, मग धुळ्याच्या फाट्यावरील त्या गावाने केले ते आणि संघाने केले ते, यांत अंतर कोणते? अंतर असे की, गावाने अस्पृश्यांचे अन्न तोडले आणि संघाने स्वतःचे. पालथे पात्र उपाशी ठेवते ते भिक्खूला, वड्ढाला नव्हे. वड्ढाचे शेत, दुकान, पाणी, वाट यांतील कशालाही हात लागला नाही. कारण उघड सांगितले गेले, आणि परतीचा दरवाजा पहिल्या दिवसापासून उघडा होता. गावच्या बहिष्काराला मात्र परतीची अट एकच असे, पूर्वीसारखे वाकून राहणे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे बाबासाहेबांच्या चळवळीची काही पाने नव्याने उलगडतात. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेण्यापूर्वी परिषदेत मृत मांस सोडण्याचा, मेलेली ढोरे न ओढण्याचा विचार मांडला गेला. त्यात पोटाचे नुकसान आपलेच होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे दार ठोठावून झाले. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्या खानदेशाला लागूनच असलेल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. त्यांनी देऊळ फोडले नाही, देव बाटवला नाही. त्या धर्माकडून आता काही मागायचे नाही, एवढे ठरविले. आम्ही याला पात्र पालथे घालणे म्हणतो. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. एवढा काळ समोरच्याला विचार करायला दिला गेला होता, हेही लक्षात घ्यावे.

सीमा दुसऱ्या बाजूच्या माणसांनाही आखता येते, आणि त्याचे उदाहरण आपल्या अमळनेरशी जोडलेले आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम पाहत. त्यांनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले व मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी ते सोडले. मंदिरप्रवेशाने प्रश्न सुटतो, असे तोपर्यंत बाबासाहेब मानीत नव्हते आणि आम्हीही मानीत नाही. परंतु गुरुजी उपाशी राहिले ते आपल्याच लोकांच्या दारात. घरातील अन्याय खपवून घेणार नाही, हे घरच्यांना सांगणे टांगेवाल्यांपैकी एकालाही १९२९ साली सुचले नव्हते.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्या आचरणाला शिक्षा ठरविणारा कायदा झाला. त्याआधीच, १९४९ साली मुंबई राज्याने समाजातून वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो बहुमताने रद्द ठरविला; पंथाला आपले धार्मिक व्यवहार पाहण्याचे स्वातंत्र्य आहे, असा आधार घेण्यात आला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. वाळीत टाकलेल्या माणसाची दशा आपल्या समाजात अस्पृश्यासारखीच होते, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या मते पंथाच्या स्वातंत्र्याची सीमा त्या एका मतात अधिक नेमकी सापडते. जातपंचायतींच्या जाचाची अनेक प्रकरणे पुढे आल्यानंतर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. पालकांनी तो मराठीतून मिळवून एकदा अवश्य वाचावा.

आणि आपले घर? धम्म स्वीकारल्यानंतरही सोयरीक जुळविताना पोटजातीची चौकशी हळूच होते. आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीला माहेरच्या कार्यक्रमाचे बोलावणे जात नाही. विहारात वेगळे मत मांडणाऱ्याला पुढच्या बैठकीची वेळ कळविली जात नाही. आपण याला कधी बहिष्कार म्हणत नाही, समजुतीने घेतले म्हणतो. काली आपल्याही घरात आहे, आणि ती अधूनमधून उशिरा उठते.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा अनुभव सांगून थांबतो. नोकरीसाठी तो मोठ्या शहरात गेला. खोली पसंत पडली, भाडे ठरले, अनामत रकमेची बोलणी झाली. मग आडनाव विचारले गेले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोली नात्यातल्या माणसाला दिली. त्याने दुसरी खोली पाहिली. सुट्टीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, मी वाद घातला नाही. त्यांच्या घरात राहायची मलाही इच्छा उरली नव्हती. हे बरोबर केले ना?” आम्ही त्याला वड्ढाची गोष्ट सांगितली. पात्र पालथे घातल्यावर संघ गप्प बसला नव्हता, आनंदांना त्याच्या दारी पाठविले होते, एवढ्याकडे लक्ष वेधले. तक्रार करण्याचा मार्गही सांगितला. तो निर्णय त्याचा त्यानेच घ्यावयाचा होता.

परत गेल्यावर त्याने त्या घरमालकाला पत्र लिहिले. मजकूर आम्हांला दाखविला होता, सहा-सात ओळींचाच. आपण खोली का नाकारली हे मला समजले आहे, आता आपण दिली तरी मी ती घेणार नाही, आपल्याविषयी मनात राग नाही, आणि विचार बदलला तर माझ्यानंतर येणाऱ्या मुलाला आडनाव विचारू नये. खाली पूर्ण नाव, आडनावासह, आणि आपल्या शाळेचे नाव.